डाव्या हाताचं ब्रॅकेट

अमेरिकेतल्या आमच्या एल्क प्रेअरी गावात कुठल्याही रस्त्याने चालत गेलात तरी एक गोष्ट नजरेत भरते. दाराशेजारच्या खांबावर लोखंडाचं एक जाडजूड ब्रॅकेट आणि त्याला टांगलेली जिरेनियमची कुंडी. कुणी त्याला पक्ष्यांच्या दाण्याचा डबा अडकवलाय, कुणी कंदील. पोस्टातल्या बाई तिथे ओल्या छत्र्या वाळत घालतात. सगळी ब्रॅकेटं एकाच घाटाची आणि सगळी डाव्याच खांबावर. उजव्या खांबावर लावली तर कुंडी नेमकी दारात येते आणि पाहुण्याच्या कपाळाला लागते. अशी तेवीस ब्रॅकेटं गावात आहेत. चोविसावं दाराशी नव्हतं, ते भिंतीवर होतं. त्याची गोष्ट सांगायची तर आधी मेलिकेची सांगायला हवी, कारण ही चोवीसच्या चोवीस तिची.

मेलिके सारिकाया माझ्याकडे राहायला आली ती १९९६ च्या मे महिन्यात. मी वरची खोली भाड्याने देते अशी चिठ्ठी कपडे धुण्याच्या दुकानात लावली होती, ती वाचून आली. दारात एक बुटकीशी, दाट भुवयांची मुलगी उभी. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात एकावर एक बसणारी दोन मजली किटली. मी आयुष्यातली बावीस वर्षं रंगभूमीवर काढली, गावोगाव नाटकं केली, तेव्हा पात्र रंगमंचावर कसं येतं त्यावरून पुढचा अंक कसा जाणार हे मला थोडंफार कळतं. जी मुलगी परमुलखात कपड्यांआधी किटली उचलते, तिच्याशी माझं जमणार हे मी तिथेच ओळखलं.

"मला तीन महिन्यांपुरतीच खोली हवी आहे," ती म्हणाली. "वीस मे ते सोळा ऑगस्ट. त्याच्यापुढे एक दिवसही नाही, कागदावर तसंच आहे."

तो कागद म्हणजे तिच्या विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीने दिलेली परवानगी. त्याच्याशिवाय तिला या देशात एक दिवस काम करता येत नव्हतं. पासपोर्टासोबत तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून ती उशाखाली ठेवायची. चादर बदलायला मी वर गेले की म्हणायची, "मावशी, उशी मी उचलते." मला मावशी म्हणायला तिने पहिल्या आठवड्यातच सुरुवात केली. ती तुर्कस्तानची, तिकडेही आईच्या वयाच्या बाईला मावशीच म्हणतात. गावाने मला पंधरा वर्षांपूर्वीच शालिनीची शॅली करून टाकलं होतं. मावशी ऐकल्यावर मला स्वयंपाकघरात काहीतरी करावंसं वाटू लागलं.

ती यंत्रांची इंजिनियर होणार होती. गावातल्या टॅमरॅक पंप कारखान्यात तिला उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळाली होती. हे पंप दुधाच्या डेअऱ्यांना लागतात. कामाच्या पहिल्या दिवशी कचेरीतल्या बाईने तिच्या बिल्ल्यावर 'मेलिसा' असं छापलं. ती आठवडाभर मेलिसा होऊन हिंडली. आठव्या दिवशी तिने जाऊन सांगितलं की मेलिसा नावाची मुलगी काही आली नाही, तिच्याऐवजी मी आले आहे. बिल्ला बदलला. कारखान्यातले लोक मात्र तिला मेल म्हणायला लागले ते लागलेच.

तिला शिकवायला दिलं लॉइड टॉलेफसनकडे. लॉइड माझा शेजारी, चौसष्ट वर्षांचा, उंच, खांद्यात थोडा वाकलेला. टॅमरॅकमध्ये अडतीस वर्षं लोखंड कापायच्या मिलिंग मशीनवर उभा राहिलेला माणूस. त्या ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी तो निवृत्त होणार होता. मेलिके त्याला पहिल्या दिवसापासून 'उस्ता' म्हणू लागली. लॉइड संध्याकाळी कुंपणापाशी येऊन मला विचारता झाला.

"शॅली, ती पोरगी मला उस्ता म्हणते. शिवी आहे का?"

"उस्ता म्हणजे उस्ताद. कारागिरांमध्ये सगळ्यात वरचा."

"असं होय." तो कुंपणावर रेलला. "मग म्हणू दे. आर्डिसला सांगू नकोस, ती हसेल."

आर्डिस म्हणजे त्याची बायको. तिला मी त्याच संध्याकाळी सांगितलं आणि ती हसली.

कारखान्यात कॉफीच्या यंत्राशेजारी विटांची एक भिंत होती. तिला सगळे म्युझियम म्हणत. कुणाच्या हातून नग बिघडला की तो तिथे खिळ्याला टांगायचा आणि त्याला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर करणाऱ्याने स्वतःच्या हाताने नाव आणि तारीख लिहायची. एकदा टांगलेला नग काढायचा नाही, माणूस नोकरी सोडून गेला तरी नाही, वारला तरी नाही. कारखान्याचा मॅनेजर व्हर्न शिमेल, त्याचे स्वतःचे पाच होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो ते कौतुकाने दाखवायचा. नवा माणूस आला की त्याला भिंतीपुढे उभं करून विचारायचे, यात कुणाचं नाव नाही ते शोध. नाव नव्हतं एकट्या लॉइडचं. अडतीस वर्षांत एकदाही नाही. बास्केटबॉलच्या स्पर्धेत गावाने एकदा कप जिंकला होता, त्याच्या खालोखाल लोक हे सांगत.

लॉइड आणि मेलिकेचं पहिलं भांडण झालं ते ड्रॉइंगवरून. त्यात थोडी तांत्रिक गोष्ट आहे, पण ती कळायला इंजिनियर असायची गरज नाही. कागदावर एखाद्या वस्तूचं चित्र काढताना ती समोरून कशी दिसते ते काढतात आणि त्याच्या शेजारी ती बाजूने कशी दिसते ते. आता डावीकडून बघितल्यावर जे दिसतं ते कागदावर कुठे काढायचं? अमेरिकेत ते डावीकडेच काढतात. तुर्कस्तानात ते उजवीकडे काढतात. आपल्याकडेही तसंच शिकवतात, हे मला माझ्या यजमानांकडून माहीत होतं. ते इंजिनियरच होते.

मेलिकेला ड्रॉइंग तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. ते एस्किशेहिरच्या रेल्वे कारखान्यात टर्नर होते, हिकमेत त्यांचं नाव. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहाचा पेला ठेवून ते एका बाजूने दिवा धरायचे आणि म्हणायचे, बघ, दिवा डावीकडे धरला तर सावली उजवीकडच्या भिंतीवर पडते. म्हणून डावीकडून दिसलेलं उजवीकडे काढायचं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

लॉइडने हे ऐकून घेतलं, जेवणाच्या सुट्टीत कॉर्नफ्लेक्सचं रिकामं खोकं आणलं, कडेने कापलं आणि टेबलावर सपाट उलगडलं. "हे समोर. ही उजवी बाजू, उजवीकडे उलगडली. ही डावी, डावीकडे. एवढंच."

"पण सावली..."

"तुमच्याकडे सावली कापत असतील. आम्ही लोखंड कापतो."

सगळं मशीनशॉप हसलं. मेलिकेही हसली. ते उलगडलेलं खोकं तिने घरी आणून माझ्या फ्रिजच्या दारावर लावलं. त्यानंतर तिने काढलेल्या प्रत्येक कागदावर लॉइड बोट ठेवून म्हणायचा, "खोकं?" आणि ती म्हणायची, "खोकं, उस्ता." जूनच्या अखेरीस त्याने विचारणं सोडून दिलं. त्याच सुमाराला व्हर्नने तिला बोलावून सांगितलं, "डिसेंबरात तुझं शिक्षण संपलं की इकडेच ये. इंटर्नशिप नीट पार पडू दे, ऑगस्टमध्ये मी लेखी देतो."

परदेशी विद्यार्थ्याला हे वाक्य काय असतं हे इथे आलेल्यांनाच कळेल. डिग्री कितीही मोठी असो, कुणीतरी 'आम्हाला ही हवी आहे' असं लिहून दिल्याशिवाय ती डिग्री घेऊन विमानात बसावं लागतं. मेलिकेने त्या संध्याकाळी घरी फोन लावला. पलीकडे हिकमेतराव इतक्या मोठ्याने बोलत होते की मला चुलीपाशी ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्या अख्ख्या रेल्वे कारखान्यात बातमी झाली होती.

तीन जुलैला सकाळी तिने पुन्हा फोन लावला. त्या दिवशी तिचे वडील निवृत्त होणार होते. चाळीस वर्षांचं काम संपवून, मित्रांनी दिलेलं घड्याळ घेऊन ते घरी आले होते, आणि मुलगी तिथे नव्हती. फोनवर दोघंही फक्त हवेबद्दल बोलली. फोन ठेवल्यावर मेलिकेने चहा केला, प्याली नाही, आणि कामावर गेली. दुसऱ्या दिवशी चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. म्हणून तीन तारखेला कारखाना दुपारी दोनलाच बंद होणार होता. सुट्टीआधी एका पंपाच्या मोटरला धरणाऱ्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग पाठवायचं होतं. तिने ते दीड तासात काढलं, सही केली आणि शॉपमध्ये दिलं.

पंधरा जुलैच्या सुमाराची गोष्ट. ती संध्याकाळी पाय ओढत घरी आली.

"मावशी, आज उस्तांच्या हातून चोवीस नग गेले."

मी कणीक मळत होते, तशीच थांबले. लॉइडच्या हातून नग जाणं म्हणजे चर्चच्या मनोऱ्यावरचं घड्याळ उलटं चालण्यासारखं.

"मोटर बसवायला गेले तर एकही बसेना. सगळी उलटी. आरशात दिसतात तशी. उजव्या हाताचे हातमोजे सांगावेत आणि डाव्या हाताचे शिवून यावेत ना, तसं."

"मग तो काय म्हणाला?"

"काहीच नाही. व्हर्न यायच्या आत त्यांनी ड्रॉइंग गुंडाळलं आणि आपल्या पेटीत टाकलं. म्हणाले, माझंच चुकलं, मोतीबिंदू काढल्यापासून डावंउजवं नीट कळत नाही. आणि मग एक नग भिंतीला टांगून स्वतःच चिकटपट्टीवर नाव लिहिलं." ती खुर्चीवर बसली. "सगळे नुसते उभे होते. कुणी हसलं नाही. त्या भिंतीपाशी सगळे नेहमी हसतात."

तिला जरा हसवावं म्हणून मी माझी एक फजिती सांगितली. रंगभूमीवर डाव्याउजव्याची लढाई रोजची असते. दिग्दर्शक बसतो प्रेक्षागृहात, नट उभा राहतो त्याच्याकडे तोंड करून. तो म्हणतो डावीकडून ये, तर कुणाच्या डावीकडून? नवी होते तेव्हा मिरजेच्या प्रयोगात मी माझ्या डावीकडून प्रवेश केला. रानात वाट चुकलेली ऋषिकन्या मी, थेट राजाच्या शयनगृहातून बाहेर आले. प्रेक्षकांनी असा काही अर्थ लावला की राजाला पुढचं वाक्य म्हणता येईना.

मेलिके खळखळून हसली. आणि हसता हसता मध्येच थांबली.

"कुणाच्या डावीकडून," ती स्वतःशीच म्हणाली.

ती वर गेली आणि ड्रॉइंगची तिच्याकडची प्रत घेऊन आली. टेबलावर पसरली. समोर तिचा चहाचा पेला होता, कमरेत बारीक, घरून पायमोज्यात गुंडाळून आणलेला. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन डावीकडून पेल्यावर पडलं होतं आणि त्याची लांब सावली उजवीकडे, थेट फ्रिजच्या दारावर गेली होती. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर.

तिने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा सावलीकडे.

"खोकं नाही," ती म्हणाली. "मी सावली काढली. उस्तांनी कागद बरोबर वाचला, मावशी. अगदी बरोबर. त्यात लिहिलं होतं तेच त्यांनी कापलं." मग कागद गुंडाळत, "त्या दिवशी माझा हात घरी गेला होता."

लॉइडने नग बसेनात म्हटल्याबरोबर कागद पाहिला असणार, काय झालं ते एका क्षणात ओळखलं असणार आणि म्हणून तो पेटीत टाकला असणार. हे आम्हा दोघींनाही तिथेच कळलं. आता प्रश्न एवढाच होता की भिंतीवर नाव कुणाचं राहायचं.

शुक्रवारी आमच्या गावात माजी सैनिकांच्या हॉलमध्ये मासे तळतात. सगळं गाव तिथे असतं. लॉइड आणि आर्डिस नेहमीच्या टेबलाशी बसले होते. आम्ही त्यांच्यासमोर जाऊन बसलो. मेलिकेने बटाट्याच्या घाऱ्यांना हातही लावला नाही.

"उस्ता, ते ड्रॉइंग द्या."

"कुठलं?"

"पेटीतलं."

"हरवलं ते," लॉइड म्हणाला आणि माशावर लिंबू पिळत राहिला. "ब्रेड घे. राय धान्याचा आहे, तुला आवडतो."

"ती माझी चूक आहे. मी व्हर्नला सांगणार."

"हळू बोल. हे बघ पोरी, माझे सहा आठवडे राहिलेत. नंतर मी त्या भिंतीला तोंडही दाखवणार नाही. तुझं सगळं आयुष्य जायचंय. व्हर्न वाईट माणूस नाही, पण त्याच्यावर शिकागोला बसलेले मालक आहेत. त्यांना चोवीस नग कळतात, सावली कळत नाही."

"पण अडतीस वर्षं..."

"अडतीस वर्षं मी किती असह्य होतो ते हिला विचार."

"असह्य," आर्डिस म्हणाली. "माझा केक करपला की हा भिंतीची आठवण काढायचा. बरं झालं नाव लागलं. आता घरात जरा बरोबरीने बोलता येईल."

ती हे हसत म्हणाली, पण तिचा हात टेबलाखाली लॉइडच्या गुडघ्यावर होता. मला दिसत होता. इतकी वर्षं नटांच्या शेजारी उभी राहिले आहे, कोण संवाद म्हणतंय आणि कोण बोलतंय हे मला कळतं. लॉइड संवाद म्हणत होता, आणि काही फार चांगला म्हणत नव्हता.

घरी येताना मेलिकेने मला विचारलं, "मावशी, तुम्ही काय केलं असतं?"

आणि मी तिला चुकीचा सल्ला दिला. तो लपवण्यात काही अर्थ नाही. मी म्हटलं, "रंगमंचावर आपण वाक्य विसरलो आणि समोरच्याने सावरून घेतलं, तर आपण सावरून घेऊ द्यायचं असतं. थांबून प्रेक्षकांना सांगायचं नसतं की माझं चुकलं. त्याने मनापासून दिलंय, तू घे. त्याचा मान त्यातच आहे."

मला खरंच तसं वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर मला ती डिसेंबरनंतरही वरच्या खोलीत हवी होती.

आमच्या फाटकाशी आल्यावर ती म्हणाली, "नाटक संपल्यावर पडदा पडतो, मावशी. ती भिंत आहे. तिथे पडदा पडत नाही." फाटक उघडता उघडता म्हणाली, "बाबांच्या कारखान्यात अशी भिंत असती आणि दुसऱ्या कुणाच्या चुकीसाठी त्यांचं नाव लागलं असतं, तर मी त्या माणसाला काय म्हटलं असतं, याचा विचार करतेय."

शनिवार-रविवार तिने चहा सोडून काही घेतलं नाही.

सोमवारी काय झालं ते मला तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं, तेव्हा जे तिघांच्या सांगण्यात सारखं होतं तेवढंच लिहिते. मेलिके पाळी सुरू व्हायच्या आधी गेली. भिंतीवरच्या ब्रॅकेटवरून लॉइडच्या नावाची पट्टी तिने काढली आणि नवी लावली. तिच्यावर पूर्ण नाव, मेलिके सारिकाया, आणि तारीख तीन जुलै. म्हणजे नग कापले तो दिवस नाही, कागद काढला तो. मग व्हर्नच्या खोलीत जाऊन तिने ड्रॉइंगची प्रत त्याच्यापुढे ठेवली आणि खोक्याची आणि सावलीची गोष्ट सांगितली.

व्हर्नने लॉइडला बोलावलं. "हे खरं आहे?"

"माझे डोळे..."

"लॉइड, परवा तू माझ्या टायची गाठ अर्धा इंच डावीकडे आहे असं पंधरा फुटांवरून सांगितलंस."

व्हर्न बाहेर येऊन भिंतीपुढे उभा राहिला, पट्टी वाचली, आणि म्हणाला, "सारिकायाचं स्पेलिंग हे असं आहे होय. मी दोन महिने चुकीचं लिहितोय." मग आत निघून गेला.

लॉइड तिच्याशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तिने नवं ड्रॉइंग नेऊन ठेवलं तेव्हा त्याने बोट टेकवलं. "खोकं?"

"खोकं, उस्ता."

"बघतो," तो म्हणाला आणि चष्मा लावून पूर्ण पाच मिनिटं बघत बसला. शेजारच्या मशीनवरचे लोक हसायला लागले तेव्हा कुठे त्याने कागद खाली ठेवला.

ऑगस्ट आला. व्हर्नने तिला लेखी दिलं नाही. बोलावून खाली बसवलं आणि सांगितलं की शिकागोवाल्यांनी नव्या माणसाला नाही म्हटलंय, मी दोनदा विचारलं. चोवीस नगांमुळे नाही म्हटलं की त्यांना तसंही नाहीच म्हणायचं होतं, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि त्याने माहीत असल्याचा आव आणला नाही. विद्यापीठाचा एक फॉर्म मात्र त्याने भरला. त्यात रकाना होता, विद्यार्थ्याच्या हातून काही गंभीर चूक झाली का. त्याने लिहिलं होतं, 'एक. तिची तिनेच शोधली.' मेलिकेने त्या पानाची झेरॉक्स काढून घरी पाठवली. त्या पत्रात नोकरीबद्दल तिने काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

लॉइडचा निरोप समारंभ शेवटच्या शुक्रवारी होता, म्हणजे मेलिकेची मुदत संपून दोन आठवडे झालेले. पण तिचं कॉलेज अजून उघडायचं होतं, आणि पाहुणी म्हणून केक खायला कुठला कागद लागत नाही. ती बस बदलत बदलत आली. मी आणि आर्डिस गेलो. कॉफीच्या यंत्रापाशी सगळे गोळा झाले होते, केकवर साखरेचा पंप काढला होता.

व्हर्नने भाषण सुरू केलं. "या भिंतीकडे बघा. अडतीस वर्षं. यात एक नाव नाही..."

"थांब जरा," लॉइड म्हणाला.

तो आपल्या पेटीपाशी गेला. खालच्या खणातून जुन्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. आर्डिसकडे पाहिलं. आर्डिसने डोक्याला हात लावला, म्हणजे तिला ठाऊक होतं.

फडक्यात दोन नग होते. एक पितळेची कडी, एका बाजूला खोल खरवडलेली. दुसरा एक दांडा, दोन भोकांऐवजी तीन भोकं पडलेला. गंज पुसून तेल लावलेले.

"हा एकोणसाठ सालचा. तेव्हा मी नवा होतो. जेवणाच्या डब्यातून घरी नेला. हा त्र्याहत्तरचा. त्या वर्षी हे सगळे मला अभिमानाने दाखवायला लागले होते, मग कसं सांगणार? हा पण डब्यातून. बावीस-तेवीस वर्षं गॅरेजमधल्या खुर्चीच्या पायाखाली आहे, खुर्ची डुगडुगते म्हणून."

मागून कुणीतरी म्हणालं, "आता खुर्ची डुगडुगणार." आणि सगळं शॉप खदखदलं. भिंतीपाशी सगळे पुन्हा पूर्वीसारखे हसले.

लॉइडने दोन चिकटपट्ट्या कापल्या. मेलिकेकडे दिल्या. "तू लिही. तुझं अक्षर बरं आहे."

"नियम आहे, उस्ता. ज्याचं त्याने लिहायचं."

त्याने लिहिलं. डावंउजवं बरोबर होतं. दोन्ही नग त्याने तिच्या ब्रॅकेटच्या शेजारच्या खिळ्यांवर टांगले. उरलेली तेवीस ब्रॅकेटं त्याने कारखान्यातून मागून घेतली आणि त्या सप्टेंबरभर निवृत्तीचा उद्योग म्हणून गावात ज्याच्या त्याच्या दाराशी स्वतः जाऊन बसवली. माझ्या दाराशी पहिलं बसवलं. डाव्या खांबावर.

"कुणाच्या डाव्या?" मी विचारलं.

"बाहेरून येणाऱ्याच्या," तो म्हणाला. "राहणाऱ्याला घर माहीत असतं."

मेलिके जानेवारीत परत गेली. एस्किशेहिरला आता ती मुलांना यंत्रांचं ड्रॉइंग शिकवते. पहिल्या तासाला टेबलावर पेला ठेवून दिवा धरते आणि मग बिस्किटांचं खोकं कापून उलगडते. मुलं विचारतात, यातलं खरं कुठलं? ती म्हणते, दोन्ही, फक्त कागद कुणाच्या हातात जाणार ते आधी विचारा. हिकमेतराव काही वर्षांपूर्वी गेले. लॉइड त्यांच्याआधी गेला. टॅमरॅक विकली गेली तेव्हा नव्या मालकांनी ती भिंत पाडायला काढली. त्या दिवशी व्हर्न जाऊन तीन खिळ्यांवरचे नग उतरवून घेऊन आला आणि मला म्हणाला, शॅली, हे तुझ्याकडे राहू दे, माझी बायको घरात लोखंड घेत नाही.

ते तिन्ही माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या भिंतीवर टांगले आहेत. पट्ट्या पिवळ्या पडल्या, शाई फिकी झाली, पण नावं वाचता येतात. आता मला जिने चढवत नाहीत, वरच्या खोलीत कुणी राहत नाही. तिची दोन मजली किटली ती मुद्दाम ठेवून गेली होती, ती खालीच असते. संध्याकाळी चहा ओतला की पश्चिमेचं ऊन पेल्यावर येतं, आणि सावली उजवीकडे सरकत सरकत त्या तीन नगांपर्यंत जाते.